तपासलेली काच

कॅमेरा कपाटावरून तिनंच खाली काढायचा, अशी सासूबाईंची अट होती.

"तू लावलास, तूच काढ," त्या खालून म्हणाल्या. स्टूल मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

कॅमेरा कसला, अंगठ्याएवढा काळा ठिपका. तिची बाळंतपणाची रजा संपली आणि मुंगी रांगायला लागली, दोन्ही एकाच आठवड्यात. मुंगी म्हणजे तिची लेक. दिसेल त्या फटीत शिरते म्हणून बापानं ठेवलेलं नाव. बापाचं काम फिरतीचं, महिन्यातले निम्मे दिवस तो घरी नसायचा. म्हणून सासूबाई आपलं घर कुलूप लावून नातीला सांभाळायला आल्या, आणि सुनेनं कपाटावरून त्यांच्यावर डोळा ठेवला. कामावर टेबलाखाली फोन धरून ती घर बघायची आणि राहवलं नाही की फोन लावायची.

"आई, तिच्या तोंडात काहीतरी आहे."

"जीभ आहे."

"आई, तुम्ही खोलीबाहेर गेला होतात का?"

"गेले होते. माणसाला जावं लागतं."

काल दुपारी सासूबाईंनी मुंगीचं टोपडं कॅमेऱ्यावर चढवलं. फोनवर एकदम काळोख झाला. ती हातातलं काम टाकून घरी धावली. घरी आजी आणि नात डब्यांची झाकणं वाजवत बसल्या होत्या. सासूबाई भांडल्या नाहीत. त्या भांडत नसत, ठरवत असत.

"उंटावरून शेळ्या हाकणं आता पुरे," त्या म्हणाल्या. "उद्याचा एक दिवस बघू. तू डबा खायला बसशील तेव्हा एक फोन. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. जमलं तर मी राहते. नाही जमलं तर परवा मी माझ्या घरी. तीन मुलं वाढवलीत मी. त्यांतल्याच एकाशी तू लग्न केलंस."

तो एक कसा वाढलाय ते बघूनच तर धास्ती वाटते, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. सासूबाई गेल्या तर नोकरीही गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जवळचं पाळणाघर चालता येणाऱ्या मुलांनाच घेत होतं, आणि मुंगी अजून भिंत धरूनही उभी राहत नव्हती. हातात असलेलं एकमेव कसब ती पुन्हा कुठे घेऊन जाणार होती?

सकाळी निघताना तिनं मुंगीच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला. मग पाठीला.

"गरम लागतंय का हो?"

"तुझा हात गार आहे," सासूबाई म्हणाल्या. "जा आता."

ती गेली. जिन्यावरून दोनदा मागे वळली, पण गेली.

ती काम करायची ती चष्म्याच्या काचा घासायची कार्यशाळा होती. गल्लीच्या टोकाला लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला मोठ्या खिडक्या, मधे पाण्यावर फिरणारी घासायची चाकं. गोल काच यंत्रात घालायची, यंत्र तिला फ्रेमच्या आकाराची करायचं. शेवटची कड मात्र हातानं, चाकावर, पाण्याच्या थेंबाखाली. तो शेवटचा हात तिचा. काच फ्रेममध्ये बसताना कुठे थांबावं हे तिच्या बोटांना कळायचं. शिक्षण पुस्तकाचं झालं होतं, पण बोटांचं इथंच झालं.

इथला एक नियम होता. घासून झालेली काच लगेच तपासायची नाही. ती मखमलीच्या तबकात ठेवायची, खिडकीतून लांबवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं, डोळे निवू द्यायचे. मग काच एकदा उचलायची, एकदा बघायची, बरी असेल तर कागदात गुंडाळायची. गुंडाळलेली पुन्हा उघडायची नाही. थकलेल्या डोळ्याला नसलेली चूक दिसते, आणि एकदा दिसली की हात चाकाकडे जातो. घासलेली काच काही परत वाढत नाही. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला हा नियम सांगायचं काम तिचंच होतं, आणि ती तो चांगला सांगायची.

त्या दिवशी तिच्या पुढ्यात एका बसचालकाची काच होती. जाड, खास मागवून आणलेली, दोन नंबरांची. तो संध्याकाळी चष्मा न्यायला येणार होता. फोन तिनं खणात ठेवला आणि खण लावून टाकला.

पहिला तास बरा गेला. मग खण जड होऊ लागला. मुंगीचं अंग गरम होतं की हात गार होता? अंग गरम असेल तर झोपेल. झोपली तर पालथी होईल. पालथी झाली तर उशी. उशी तर तिनं काढून ठेवली होती. काढली होती ना? कॅमेरा असता तर एका नजरेत कळलं असतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि तिच्या मनाला तर आज दुसरं कामच नव्हतं.

काच घासून झाली. तिनं तबकात ठेवली, टाकीकडे बघितलं, काच उचलून तपासली. छान होती. कागदात गुंडाळली.

मग उघडली. एका कोपऱ्याला कड किंचित उंच वाटली. तिनं अगदी हलकेच चाकाला लावली. आता दुसरा कोपरा उंच वाटला.

"बाई, ती काच गुंडाळली होतीस ना मघाशी?" शेजारच्या टेबलावरून फ्रेमदादानं विचारलं. काच फ्रेममध्ये बसवणं आणि काड्या वाकवणं हे त्याचं काम. तो बायकोची कागाळीही चष्म्याच्या भाषेत करायचा: एक काडी सरळ केली की दुसरी वाकते.

"बघते जरा."

"बघ, बघ. बघून बघून भिंगाची टिकली कर."

तिनं काच त्याच्याकडे दिली. त्यानं ती फ्रेममध्ये बसवली, स्क्रू आवळला, फ्रेम तळहातावर उलटी केली. काच आवाजही न करता त्याच्या हातात पडली.

चाकावरचं पाणी तेवढं टपटपत होतं. मालकीणबाई आपल्या टेबलावरून उठून आल्या, फ्रेम डोळ्यांपाशी धरली, काच धरली.

"दुसरी मागवावी लागेल," त्या म्हणाल्या. "त्याला मी सांगते. पण तू आज काचेला हात लावू नकोस. पेट्या पुसून ठेव." आणि जाता जाता थांबल्या. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो," ती म्हणाली. तेच तर तिला ठाऊक नव्हतं.

डब्याची वेळ झाली तशी तिनं खण उघडला. दुसऱ्या घंटीला सासूबाईंनी फोन उचलला.

"झोपली आहे."

"अंग कसंय?"

"आहे जागेवर."

"आई, खरंच सांगा ना."

"कोमट आहे. दात येतोय, हिरडी सुजली आहे. गार चमचा दिला चघळायला. तू जेवलीस का?"

"जेवते."

"जेव. ठेवते मी."

फोन बंद झाला. तिला वाटलं होतं, आवाज ऐकला की छातीवरचा दगड उतरेल. उतरला, पण घास तोंडात जाईपर्यंतच. कोमट. कोमट म्हणजे किती? कोमट तर ताप चढायच्या आधीही असतो. आणि आवाज जरा दमलेला नव्हता का? डबा तसाच राहिला. एकदाच कळलं असतं, फक्त एकदाच, मग दिवसभर तिनं काही मागितलं नसतं. अर्थात हे तिनं काल सकाळीही स्वतःला सांगितलं होतं.

अट सासूबाईंना फोन न करण्याची होती. दुसऱ्या कुणाला नाही, असं त्या कुठे म्हणाल्या होत्या?

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहत. स्वभावानं गोड, आणि दुसऱ्याच्या घरात डोकवायची संधी सहसा न सोडणाऱ्या.

"जरा खाली जाऊन याल का?" तिनं त्यांना फोन लावून हळू आवाजात विचारलं. "मी सांगितलं असं म्हणू नका. साखर वगैरे मागा. मुंगीला फक्त बघा, अंग गरम आहे का ते."

"अगं त्यात काय, ही निघाले," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात अशी उमेद होती की तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली.

ती पेट्या पुसू लागली. तीच पेटी तिनं दोनदा पुसली. फोन वाजला तेव्हा तिनं तो झडप घालून उचलला.

"अगं," मास्तरीणबाईंना धाप लागली होती. "तू घाबरू नकोस हं."

एवढं पुरे होतं.

"त्या दारात आल्या माझ्याशी बोलायला. बाळ उठेल म्हणून बाहेरच उभ्या राहिल्या, दार ओढून. आणि वारं आलं ना गं. दार लागलं. आपोआप कुलूप बसतं तुमचं. किल्ली आत खुंटीवर. आणि मुंगी उठली आहे, आतून आवाज येतोय. तू ये."

दुसरी किल्ली तिच्या नवऱ्याकडे, आणि तो भलत्याच गावात. तिसरी तिच्या पर्समध्ये.

बाहेर कशी आली हे तिला नीट आठवत नाही. फ्रेमदादानं स्कूटर काढली होती, मालकीणबाईंनी तिच्या हातात पर्स कोंबली, आणि ती मागे बसली तेव्हा पायात कामाच्या ओल्या चपलाच होत्या.

घर तिला डोळ्यांपुढे लख्ख दिसत होतं, कॅमेऱ्यापेक्षा लख्ख. मुंगी जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर झोपते. गोधडीवरून उतरली की डावीकडे टेबल. टेबलावर लोंबणारं कापड. या वेळी सासूबाईंचा चहा झालेला असतो. कप कापडावर. कापड मुंगीच्या हाताच्या उंचीवर. पलीकडे न्हाणीघराचं दार, खाली भरलेली बादली.

चौकात लाल दिवा लागला. समोरून गाड्यांची रांग संपेना.

"जाऊ दे ना दादा, घाल मधून," ती म्हणाली.

"घालतो आणि आपण दोघं दवाखान्यात, किल्ली रस्त्यावर," तो पुढे बघतच म्हणाला. "किल्ली हातात आहे का?"

"पर्समध्ये."

"काढ. हातात धर. तेवढंच काम आहे आत्ता."

तिनं किल्ली काढून मुठीत धरली. दात तळहातात रुतले. रस्त्याच्या टोकाला, घरांच्या वर, ती पाण्याची टाकी दिसत होती, कार्यशाळेच्या खिडकीतून दिसायची तीच, फक्त दुसऱ्या बाजूनं. ती टाकीकडे बघत राहिली. आणि बघता बघता तिच्या ध्यानात आलं की इतके महिने तिनं डोळ्यांत तेल घालून नाना परींच्या भीती राखल्या होत्या. उशीची, बादलीची, पंख्याची, बटणाची. दाराची भीती त्यांत नव्हतीच. आणि दार तर तिनंच लावलं होतं. वाऱ्यानं नाही, मास्तरीणबाईंनीही नाही. तिच्या एका फोननं.

तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. चौकातला दिवा हिरवा झाला.

जिन्यावर ती दोन-दोन पायऱ्या चढली. मजल्यावर मास्तरीणबाई भिंतीला टेकून हात चोळत उभ्या होत्या. सासूबाई दारापुढे फरशीवर बसल्या होत्या. बसल्या काय, जवळजवळ आडव्याच. दुखरा गुडघा तसाच मुडपलेला, गाल फरशीला टेकलेला, तोंड दाराखालच्या फटीशी. अंगावरच्या शालीचं टोक त्यांनी फटीतून आत सरकवलं होतं. शाल मधूनच आत ओढली जायची, मग ढिली पडायची.

"पकड, पकड. अगं गोंडा पळाला बघ," त्या फटीत म्हणत होत्या, अगदी रोजच्या आवाजात. "कुठे गेला गोंडा? आला, आला."

आतून मुंगीचं खुदकन हसणं आलं.

ती किल्ली घेऊन कुलपावर तुटूनच पडली. किल्ली भोकात जाईना. गेली तर फिरेना. फिरली, आणि तिनं खांदा दाराला लावला.

"थांब."

सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्यांचा हात तिच्या पायाच्या घोट्यावर बसला होता, घट्ट, स्टुलावर बसला होता तसा.

"दार आत उघडतं. आणि ती दाराला चिकटून बसली आहे. ढकललंस तर डोक्यात बसेल."

ती खांदा दाराला लावून तशीच थिजली. पलीकडे, लाकडाच्या एका जाडीएवढ्या अंतरावर, तिच्या लेकीचा श्वास होता. सगळं अंग म्हणत होतं, ढकल. काच चाकावर असताना बोटं म्हणत असतात तसं, अजून थोडं, अजून एकदा.

"मी तिला बाजूला घेते," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगेन तेव्हा. तोवर श्वास घे, नाहीतर तुला उचलायला आणखी एक माणूस लागेल."

त्यांनी शाल फटीतून हळूहळू भिंतीच्या बाजूला न्यायला सुरुवात केली. बोटभर, मग आणखी बोटभर. "चल गोंड्या, चल. मुंगी येते का बघ मागे." आतून फरशीवर तळहात आपटल्याचा आवाज. थांबला. शाल सैल पडली. मुंगीनं गोंडा सोडला होता. सासूबाई तोंडानं टकटक वाजवू लागल्या. बराच वेळ काहीच नाही. ती जिन्याच्या खिडकीबाहेर बघत राहिली, जे काही सगळ्यांत लांबचं दिसत होतं त्याकडे. कुठल्याशा गच्चीवर एक बाई चादर झटकत होती.

पुन्हा तळहाताचा आवाज आला, या वेळी भिंतीपाशी. शाल ताठ झाली.

"आता. सावकाश."

तिनं दार बोटाएवढं उघडलं. मग पंजाएवढं. फटीतून आधी एक पायमोजा दिसला, मग त्याच्या शेजारी उघडा पाय, मग गोंडा तोंडात घेतलेली मुंगी, लाळेनं हनुवटी ओली. आईला बघून तिनं गोंडा थुंकला आणि भोकाड पसरलं. इतका वेळ बिचारी हसत होती.

टेबलावरचं कापड जागच्या जागी होतं. कपातल्या चहावर साय धरली होती.

मास्तरीणबाई "येते हं मी" म्हणत वर निघून गेल्या, नेहमीपेक्षा बऱ्याच भरभर. ती मुंगीला छातीशी धरून खाली बसली. अंग कोमट होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या तेवढंच.

"आई," मुंगी गप्प झाल्यावर ती म्हणाली, "त्यांना मी पाठवलं होतं."

"ठाऊक आहे." सासूबाई खुर्चीत बसून गुडघा चोळत होत्या. "साखर मागायला आलेली बाई वाटी घेऊन येते. ही आली रिकाम्या हातानं आणि डोळे आत. मला वाटलं, विचारावं दाराबाहेर नेऊन. तिथंच माझी अक्कल गेली. किल्ली खुंटीवर ठेवून मी दार ओढलं."

त्यांनी कप उचलला. कप बशीवर खडखडला. त्यांनी तो तसाच खाली ठेवला आणि हात मांडीखाली सरकवला, पण तिनं बघितलं होतं.

"तुम्हाला भीती वाटली?"

"नाही तर काय. दगड आहे का मी? पाय लटपटायला लागले म्हणून तर खाली बसले. तू काय समजलीस, मोठी शहाणी म्हणून बसले होते? भीती आली होती. म्हटलं, बस बाई इथं शेजारी, मला काम आहे. ती बसली. गेली नाही काही. अजून आहे."

ती मुंगीच्या उघड्या पायावर मोजा चढवत राहिली. मोजा चढला. तिनं तो पुन्हा नीट करायला हात नेला आणि परत घेतला.

"मी अट मोडली," ती म्हणाली. "तुम्ही उद्या..."

"बॅग भरलेलीच आहे माझी. कॅमेरा बसला त्या दिवसापासून."

विनवणी तिला करवेना. ज्या बाईनं आत्ता अर्धा तास फरशीला गाल लावून तिची लेक दाराशी खिळवून ठेवली, तिला कुठल्या तोंडानं थांबा म्हणायचं?

"रिकामी करावी लागेल म्हणा ती," सासूबाई म्हणाल्या. "हा गुडघा आठवडाभर जिना उतरू द्यायचा नाही. उद्या पुन्हा तोच करार. आजचा दिवस धरायचा नाही, आज दोघींनी माती खाल्ली. किल्ली मी गळ्यात बांधते. आणि एक, डब्याच्या वेळी मी फोन उचलला नाही, तर दहा वेळा लावायचा नाही. एकदाच लाव. मी मोकळी झाले की लावीन."

"आणि नाही लावलात तर?"

"तर नाही लावला. जेव तू."

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत मालकीणबाईंनी काही न बोलता एक साधी काच तिच्यापुढे ठेवली. एका मुलीच्या वाचायच्या चष्म्याची. फ्रेमदादानं मुंगीची चौकशी केली आणि वर म्हणाला, "आज तरी काच फ्रेमपेक्षा मोठी ठेव गं. लहान झाली की मला बोलणी बसतात." बसचालक आपला जुना चष्मा दोऱ्यानं बांधून गेला होता, हेही त्यानंच सांगितलं. ते ऐकून तिला दिवसभर बोचत राहिलं, आणि ते बोचायलाच हवं होतं.

डब्याच्या वेळी तिनं फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली आणि थांबली.

बोट पुन्हा त्याच नावावर गेलं. टेबल, कापड, बादली, सगळं रांगेनं हजर झालं. तिनं फोन पालथा ठेवला. खिडकीतून टाकी दिसत होती, टाकीवर पक्ष्यांची एक ओळ. बस बाई शेजारी, ती मनात म्हणाली, आणि अगदीच खुळ्यासारखं वाटलं. भीती बसली, चांगली फतकल मारून. ती डबा खात राहिली.

डबा धुऊन तिनं चाक सुरू केलं. काच अर्धी फिरली होती, कड पाण्याखाली होती, तेव्हा टेबलावर फोन थरथरू लागला.

फ्रेमदादानं मान वर केली. ती बघत नव्हती. हात थरथरला तर काच गेली. तिनं कड पुरी फिरवली. चाक थांबवलं. काच तबकात ठेवली, हात पुसले, आणि मग फोन उचलला.

"अगं, मुंगीला आंघोळ घालत होते," सासूबाई म्हणाल्या. मागे पाण्याचा आणि किंचाळून हसण्याचा आवाज येत होता. "केवढा वेळ लावलास उचलायला. मला वाटलं, तुला काही झालं की काय."